पुराच्या काळातील पर्यायी विमानतळ : काशियास दो सुल येथील प्रकरण अभ्यास

प्रकरणाचा विषय

दक्षिण ब्राझीलमधील रिओ ग्रांदे दो सुल या राज्याची राजधानी पोर्तो अलेग्रे. तेथील विमानतळ ३ मे २०२४ रोजी पुरामुळे बंद करावा लागला आणि प्रवासी विमाने तिथे पुन्हा उतरू लागली ती २१ ऑक्टोबर २०२४ रोजी. मधल्या साडेपाच महिन्यांत राज्याचा हवाई संपर्क टिकवण्याची जबाबदारी लहान विमानतळांवर आली. त्यांतला मोठा वाटा काशियास दो सुल या मध्यम आकाराच्या शहराच्या प्रादेशिक विमानतळाने उचलला. एरवी राजधानीच्या सावलीत राहिलेला हा विमानतळ संकटात कितपत उपयोगी पडला, कुठे कमी पडला, आणि त्याची उपयुक्तता कोणत्या निर्णयांनी ठरली, याचा हा अभ्यास आहे.

घटना, ठिकाणे आणि यंत्रणा सार्वजनिक नोंदीतील आहेत. त्यात काम केलेले अधिकारी, वैमानिक, नियंत्रक आणि प्रवासी यांची नावे मात्र कुठेही घेतलेली नाहीत. निर्णयांचे मूल्यमापन माझे आहे आणि ते जिथे येते तिथे तसे स्पष्ट केले आहे.

पार्श्वभूमी

२०२२ च्या जनगणनेनुसार काशियास दो सुलची लोकसंख्या ४ लाख ६३ हजारांच्या आसपास होती. लोकसंख्येच्या दृष्टीने हे राज्यातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर. १८७५ पासून येथे इटालियन स्थलांतरित वसत गेले, द्राक्षबागा आणि वाइनचा व्यवसाय वाढला, आणि विसाव्या शतकात शहराने अवजड उद्योगात पाय रोवले. बसगाड्यांची बांधणी करणारी मार्कोपोलो कंपनी १९४९ मध्ये याच शहरात स्थापन झाली. टाटा मोटर्सबरोबरच्या तिच्या भागीदारीतून धारवाडला कारखाना उभा राहिला, त्यामुळे हे नाव महाराष्ट्रातल्या रस्त्यांवरही अनेकांनी बसच्या अंगावर वाचलेले असेल. असे औद्योगिक शहर, शेजारी ग्रामादो आणि कानेला ही ब्राझीलमधली अतिशय लोकप्रिय थंड हवेची ठिकाणे, आणि तरीही येथून विमानाने जाणारे बहुसंख्य लोक सुमारे १२५ किलोमीटर रस्त्याने खाली उतरून पोर्तो अलेग्रेचा विमानतळ गाठत.

त्याची कारणे शहराच्या स्वतःच्या विमानतळाच्या रचनेत होती. ऊगो कांतेर्जियानी विमानतळ पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. त्याची एकमेव धावपट्टी १,६७० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे. चहूबाजूंनी शहर वाढत गेल्यामुळे ती लांबवायला जागा उरलेली नाही. विमानतळाचा कारभार महापालिकेकडे आहे. ढग खाली असताना वैमानिकाला रेडिओ लहरींच्या साहाय्याने धावपट्टीच्या तोंडापर्यंत अचूक आणणारी इन्स्ट्रुमेंट लँडिंग सिस्टिम, म्हणजे आयएलएस, येथे नव्हती. विमाने उपग्रहाधारित मार्गदर्शनावर येत आणि त्यासाठी लागणारी किमान दृश्यमानता व ढगांची उंची आयएलएसपेक्षा जास्त असे.

पोर्तो अलेग्रेचा साल्गादो फिल्यो विमानतळ जवळजवळ प्रत्येक बाबतीत याच्या उलट आहे. तो समुद्रसपाटीपासून जेमतेम तीन-साडेतीन मीटर उंचीवर, नदीकाठच्या सखल भागात आहे. विमानतळ चालवण्याच्या हक्कांच्या २०१७ मधील लिलावानंतर तो फ्रापोर्ट या जर्मन कंपनीच्या ब्राझीलमधील शाखेकडे गेला. तिने २०२२ पर्यंत धावपट्टी ३,२०० मीटरपर्यंत वाढवली. वर्षाला सत्तर लाखांहून अधिक प्रवासी हाताळणारा हा विमानतळ संपूर्ण राज्याचे हवाई प्रवेशद्वार होता. राज्यातल्या इतर विमानतळांची वाढ खुंटण्यामागे त्याचे हे मोठेपण हेही एक कारण होते, कारण रस्ता सुरू असेपर्यंत विमान कंपनीला एका राज्यात दुसरा तळ चालवण्याची आर्थिक गरज नव्हती.

समस्या

एप्रिल २०२४ च्या अखेरीस राज्यात अतिवृष्टी सुरू झाली. पठारावरून उतरणाऱ्या नद्यांचे पाणी पोर्तो अलेग्रेसमोरच्या ग्वाइबा जलाशयात येते. मेच्या पहिल्या आठवड्यात ग्वाइबाची पातळी ५.३ मीटरच्या वर गेली. १९४१ च्या पुराचा ४.७६ मीटरचा विक्रम त्याआधी आठ दशके टिकून होता. राज्यातल्या ४९७ पैकी ४७० हून अधिक नगरपालिका क्षेत्रांना झळ बसली आणि १८० हून अधिक माणसे दगावली. पठारावरचे काशियासही सुटले नाही. शहराच्या गालोपोलिस भागात दरडी कोसळून माणसे गेली. पुढे जे काही विमानतळाबद्दल लिहिले आहे ते या दुःखाच्या पार्श्वभूमीवर वाचावे, कारण त्या दिवसांत विमान म्हणजे औषधे, रक्त, डॉक्टर आणि घरच्यांकडे धावून जाणारे नातलग होते.

राजधानीची अडचण केवळ धावपट्टी बुडाल्याची नव्हती. विमानतळ, मुख्य बसस्थानक आणि उपनगरांना जोडणारी रेल्वे ही तिन्ही शहराच्या उत्तरेकडच्या सखल भागाशी बांधलेली असल्यामुळे एकाच वेळी बंद पडली. पठारावर चढणाऱ्या बीआर-११६ आणि आरएस-१२२ या रस्त्यांवर दरडी आल्या. त्यामुळे पर्यायी विमानतळ शोधताना प्रश्न दुहेरी होता : विमान कुठे उतरवायचे, आणि उतरलेला माणूस पुढे कसा न्यायचा. पहिल्या प्रश्नाकडे सगळ्यांचे लक्ष गेले, तर दुसरा प्रश्न बराच काळ प्रवाशाच्याच गळ्यात राहिला.

विचारात घेण्यासारखे पर्याय

नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था अनाक, केंद्रातील बंदरे व विमानतळ मंत्रालय, हवाई दल आणि तीन मोठ्या विमान कंपन्या यांच्यासमोर प्रामुख्याने चार मार्ग होते.

पहिला मार्ग राजधानीलगतच्या कानोआस येथील हवाई दलाच्या तळाचा. धावपट्टी मोठी, महानगर प्रदेशातच, आणि पाण्यापासून वाचलेली. पण तिथे प्रवासी टर्मिनल नव्हते, सामानाची तपासणी करण्याची नागरी व्यवस्था नव्हती, आणि तोच तळ मदतकार्याचे मुख्य केंद्र होता. मदतीची विमाने आणि हेलिकॉप्टर यांच्यामध्ये प्रवासी विमाने घुसवणे सुरुवातीच्या दिवसांत कोणालाही योग्य वाटले नसते.

दुसरा मार्ग राज्यातल्या प्रादेशिक विमानतळांवर उड्डाणे विखरून टाकण्याचा. काशियास, पासो फुंदो, पेलोतास, सांता मारिया, सांतो आंजेलो, उरुग्वायाना अशी ही यादी होते. यांत काशियास मागणीच्या सर्वांत जवळ होते. बाकीची ठिकाणे राजधानीपासून इतकी दूर होती की तिथे उतरलेला पोर्तो अलेग्रेचा प्रवासी पुढे रस्त्याने तीन-चार तास किंवा त्याहून जास्त प्रवास गृहीत धरत असे.

तिसरा मार्ग शेजारच्या सांता कातारिना राज्यात उतरवण्याचा. जाग्वारुना हे राज्याच्या सीमेकडचे, तर फ्लोरियानोपोलिस हे सुसज्ज पण लांबचे. तेथून बीआर-१०१ महामार्गाने दक्षिणेकडे यायचे.

चौथा मार्ग म्हणजे धीर धरणे : पाणी ओसरेपर्यंत तिकिटे थांबवायची आणि साल्गादो फिल्यो लवकर उघडेल या आशेवर बाकीच्या ठिकाणी खर्च करायचा नाही. तो कोणी उघडपणे मांडला नाही, पण प्रत्येक गुंतवणुकीच्या निर्णयामागे तो उभा होता. पाणी आठवड्यात ओसरेल की महिन्यात, हे मेच्या सुरुवातीला कोणालाच ठाऊक नव्हते, आणि पाण्याखाली राहिलेल्या डांबरी धावपट्टीच्या आतल्या थरांचे काय झाले हे पाणी ओसरल्यावर नमुने काढल्याशिवाय कळणार नव्हते.

केलेली कारवाई

९ मे रोजी मंत्रालयाने आपत्कालीन हवाई जाळे जाहीर केले. त्यात आठवड्याला ११६ उड्डाणे होती. काशियासला २५, पासो फुंदोला १६, पेलोतासला ५, उरुग्वायानाला ३, सांता मारिया आणि सांतो आंजेलोला प्रत्येकी २, कानोआसला ३५, फ्लोरियानोपोलिसला २१ आणि जाग्वारुनाला ७. राज्याच्या अंतर्भागातील ५३ उड्डाणांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या काशियासच्या वाट्याला आली. पोर्तो अलेग्रेची तिकिटे विकणे थांबवण्याचा आदेश नियामक संस्थेने दिला, जेणेकरून न होणाऱ्या उड्डाणांसाठी लोकांचे पैसे अडकू नयेत. माझ्या मते हा सर्वांत कमी चर्चेत आलेला पण अत्यंत योग्य निर्णय होता.

कानोआसचा तळ कागदावर लगेच आला असला तरी तिथले पहिले प्रवासी विमान २७ मे रोजी उतरले. दिवसाला पाच उड्डाणे इतकीच सुरुवातीची मर्यादा होती. प्रवाशांची नोंदणी आणि तपासणी जवळच्या एका शॉपिंग मॉलमध्ये करून त्यांना बसने तळावर नेले जाई. १५ जुलैपासून हे काम पाणी ओसरलेल्या साल्गादो फिल्यो टर्मिनलमध्ये हलवण्यात आले आणि तिथून बसने कानोआस गाठायचे अशी व्यवस्था झाली.

म्हणजे ३ ते २७ मे या साडेतीन आठवड्यांत राज्यात नियमित प्रवासी विमानाने यायचे तर अंतर्भागातील विमानतळ हाच मार्ग होता, आणि त्यांत काशियास आघाडीवर होते. एका महापालिकेने चालवलेल्या विमानतळावर एका राज्याच्या राजधानीची गर्दी आली.

येथे या जाळ्याच्या व्यवस्थापनाबद्दल एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पेलोतास आणि उरुग्वायाना २०२१ च्या लिलावातून खासगी कंपनीकडे गेले होते, पासो फुंदो आणि सांतो आंजेलो राज्य सरकारकडे, काशियास महापालिकेकडे, फ्लोरियानोपोलिस आणखी वेगळ्या खासगी कंपनीकडे आणि कानोआस हवाई दलाकडे. जाळे एक, पण ते चालवणारे हात किमान पाच प्रकारचे. प्रत्येकाची कर्मचारीसंख्या, अग्निशमन बंदोबस्त आणि कामाच्या वेळा वेगळ्या. असे जाळे काही दिवसांत उभे राहिले ही खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि ते उभे करणाऱ्यांचे श्रेय कमी करण्याचा येथे हेतू नाही.

पहिला निर्णयबिंदू : कोणते विमान पाठवायचे

उड्डाणे वाढवायची ठरल्यावर विमान कंपनीपुढचा पहिला प्रश्न विमानाच्या आकाराचा असतो. सत्तर आसनांचे एटीआर हे छोटे प्रोपेलर विमान आणले तर धावपट्टीची चिंता कमी, पण माणसे कमी जातात. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए३२० आणले तर एका फेरीत दीडशेहून अधिक माणसे जातात, पण १,६७० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद पट्टीवर प्रत्येक हिशेब काटेकोर करावा लागतो. या वर्गाच्या विमानांसाठी साधारणपणे ४५ मीटर रुंदीची पट्टी अपेक्षित असते. अरुंद पट्टीवर उतरायचे तर वेगळी मान्यता आणि आडव्या वाऱ्याच्या कडक मर्यादा लागतात.

लांबीचा हिशेब असा. प्रवासी जेट विमानाने गंतव्य विमानतळावर उपलब्ध लांबीच्या ६० टक्क्यांत थांबता आले पाहिजे, असा नियोजनाचा नियम आहे. काशियासची पूर्ण लांबी उपलब्ध धरली तर कोरड्या पट्टीवर हे अंतर सुमारे १,००० मीटर येते. पट्टी ओली असेल तर आणखी १५ टक्क्यांची तजवीज लागते, आणि मग हातात सुमारे ८७० मीटर राहतात. त्यातून ७५० मीटर उंचीवर हवा विरळ असल्यामुळे इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही थोडी घटते. परिणाम असा की विमान मोठे आणले तरी ते नेहमी भरून नेता येत नाही. कधी इंधन कमी घ्यावे लागते, कधी माल उतरवावा लागतो, कधी आसने रिकामी ठेवावी लागतात. इंधन कमी घेतले तर धुक्यात वाट पाहत घिरट्या घालण्याची मुभाही कमी होते. काशियासमध्ये हा धागा विशेष महत्त्वाचा होता.

ब्राझीलला आखूड धावपट्ट्यांची सवय नाही असे नाही. रिओ दे जानेरोच्या सांतोस दुमोंत विमानतळाची मुख्य पट्टी १,३२३ मीटरची आहे आणि तिच्यासारख्या पट्ट्यांसाठीच बोइंग ७३७-८०० ची आखूड धावपट्टीवर उतरण्यास योग्य आवृत्ती ब्राझीलमधील गोल या कंपनीच्या आग्रहातून तयार झाली. म्हणून काशियासला जेट विमाने जात होती आणि आपत्काळातही गेली. पण सांतोस दुमोंत समुद्रसपाटीला आहे.

अग्निशमनाचाही यात भाग असतो. विमानाच्या लांबीवरून विमानतळावर किती पाणी, फेस आणि किती गाड्या सज्ज पाहिजेत हे ठरते. ३९ मीटर ही एक सीमा आहे. ए३२० तिच्या आत राहते, तर ७३७-८०० तिच्या थोडे बाहेर जाते आणि वरच्या श्रेणीत पडते. उड्डाणांची संख्या कागदावर दुप्पट करता येते, पण प्रशिक्षित बंबवाला दुप्पट करता येत नाही. पाळ्या लांबवाव्या लागतात किंवा दुसरीकडून माणसे आणावी लागतात.

दुसरा निर्णयबिंदू : धुके

या प्रकरणाचा गाभा येथे आहे. दक्षिण गोलार्धात मे महिना म्हणजे थंडीची चाहूल. रिओ ग्रांदे दो सुलच्या पठारावर मे ते ऑगस्ट हा धुक्याचा काळ असतो. खालच्या दऱ्यांतून ओलसर हवा पठाराच्या कड्यावर चढते, चढताना थंड होते आणि ढग जमिनीलाच टेकतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमीन थंड पडून वेगळ्या प्रकारचे धुके तयार होते. हे दुसरे धुके बहुधा उशिरा सकाळी ऊन चढल्यावर विरते. पहिले मात्र वारा बदलेपर्यंत दिवसभर बसून राहू शकते. काशियासला दोन्ही प्रकार होतात.

आयएलएसच्या मूलभूत श्रेणीत वैमानिक धावपट्टीच्या पातळीपासून २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर उंचीपर्यंत न पाहता खाली येऊ शकतो. काशियासला लागू असलेल्या मर्यादा याहून वरच्या होत्या. धुक्याच्या दिवशी हा फरक निर्णायक ठरतो : त्याच ढगाखाली एका विमानतळावर विमान उतरते आणि दुसऱ्यावरून परत फिरते. मे २०२४ पूर्वीही धुक्यामुळे काशियासची उड्डाणे रद्द होणे किंवा वळवली जाणे हा स्थानिकांचा नेहमीचा अनुभव होता. उद्योगांतील मंडळी महत्त्वाची बैठक असेल तर स्वतःच्या शहरातून न उडता आदल्या दिवशी पोर्तो अलेग्रेला उतरत, त्यामागे हेच कारण होते.

आपत्काळात हीच अडचण अनेक पटींनी मोठी झाली. आधी धुक्यात काशियास बंद पडले तर विमान पोर्तो अलेग्रेला उतरे आणि प्रवासी दोन तासांत बसने वर येत. आता तो आधारच पाण्याखाली होता. वळवलेल्या विमानाला फ्लोरियानोपोलिस किंवा कुरितिबासारखे दूरचे ठिकाण गाठावे लागे. तिथून रस्त्याने यायचे म्हणजे दिवस मोडतो. म्हणून धुक्याची शक्यता दिसली की विमान निघण्याआधीच रद्द करणे कंपन्यांना अधिक परवडणारे होते.

९ मेच्या योजनेत काशियासच्या नावापुढे २५ हा आकडा होता. माझ्या मते त्या आकड्यासोबत दुसरा आकडा द्यायला हवा होता : गेल्या काही वर्षांच्या मे, जून आणि जुलैच्या हवामान नोंदींवरून त्या २५ पैकी किती उड्डाणे प्रत्यक्ष उतरण्याची अपेक्षा ठेवावी. विमानतळावर तासातासाला दृश्यमानता आणि ढगांची उंची नोंदवली जाते, त्यामुळे असा अंदाज काढण्याची सामग्री हाताशी होती. नियोजित आणि अपेक्षित यांतला फरक जाहीर झाला असता तर रुग्णालयांनी, मदत संस्थांनी आणि साध्या प्रवाशांनीही आपले बेत वेगळे आखले असते.

वेळापत्रकातही थोडी सुधारणा शक्य होती. व्यावसायिक प्रवासी सकाळची पहिली वेळ मागतात आणि कंपन्यांना विमान दिवसभर फिरते ठेवायचे असते, म्हणून पहिली फेरी पहाटे पठारावर पाठवण्याकडे कल असतो. रात्रीच्या थंडीतून तयार होणाऱ्या धुक्याचा जोर नेमका तेव्हाच असतो. येणारी उड्डाणे दुपारच्या तासांत एकवटली असती तर त्या प्रकारच्या धुक्याने होणारी हानी कमी झाली असती. मात्र लहान एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेवर, दुपारी एकामागून एक विमाने आली की त्यांना उभे करायला जागा पुरत नाही. म्हणून हा उपाय पाच-सहा उड्डाणांना पुरतो, त्यापुढे नाही.

तिसरा निर्णयबिंदू : उतरल्यानंतरचा रस्ता

काशियासहून ग्रामादोला जायचा जवळचा रस्ता नोवा पेत्रोपोलिसवरून जातो आणि वाटेत काई नदी ओलांडतो. बीआर-११६ वरचा तो पूल पुरात निकामी झाला आणि वाहतूक बंद करावी लागली. पर्यटन हा त्या डोंगराळ भागाचा मोठा आधार. विमानतळ शेजारी, उड्डाणे वाढलेली, आणि मधला पूल नाही, अशा स्थितीत हॉटेलांपर्यंत पोहोचणारा पर्यटक लांबचा वळसा घेत होता. पोर्तो अलेग्रेकडे उतरणाऱ्यालाही दरडी हटवलेल्या, कधी एकेरी चालणाऱ्या रस्त्याने जावे लागे.

विमानाचे तिकीट काशियासपर्यंत आणि पुढे तुमचे तुम्ही, या पद्धतीत सर्वाधिक हाल वृद्धांचे आणि आजाऱ्यांचे झाले असणार यात शंका नाही. कानोआसची व्यवस्था येथे उजवी ठरली. तिथे नोंदणीपासून बसपर्यंतचा प्रवास एकच सेवा म्हणून आखला गेला, कारण नागरिकाला लष्करी तळावर मोकळे सोडता येत नव्हते. सक्तीतून आलेली ही शिस्त काशियासलाही लावायला हवी होती : उड्डाणाशी जोडलेली बस, विमान वळले तर तीच बस वळलेल्या ठिकाणी पाठवण्याचा आधीच केलेला करार, आणि या सर्वाची नोंद तिकिटावरच.

परिणाम

साल्गादो फिल्योच्या धावपट्टीची दुरुस्ती मोठ्या खर्चाची ठरली. विमानतळ चालवण्यासाठी खासगी कंपनीशी झालेल्या करारातील आर्थिक समतोल सांभाळण्यासाठी केंद्राने सुमारे ४२.६ कोटी रेआल (ब्राझीलचे चलन) मंजूर केले. २१ ऑक्टोबर २०२४ रोजी धावपट्टीच्या १,७३० मीटर भागावर सकाळी ८ ते रात्री १० या वेळेतील देशांतर्गत उड्डाणे सुरू झाली. संपूर्ण ३,२०० मीटर लांबी १६ डिसेंबर रोजी खुली झाली. कानोआसची तात्पुरती सोय थांबली आणि प्रवाशांचा ओघ पुन्हा राजधानीकडे वळला.

या १,७३० मीटर आकड्यापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण तो काशियासच्या पट्टीपेक्षा फक्त ६० मीटरने जास्त आहे. तेवढ्या लांबीवर पोर्तो अलेग्रेने देशांतर्गत वाहतुकीचा मोठा भाग पुन्हा उचलला. म्हणजे काशियासची मर्यादा लोक समजतात तशी केवळ लांबीची नव्हती. ती अरुंदपणाची होती, उंचीची होती, मोजक्याच विमानांना जागा देणाऱ्या एप्रनची होती, टर्मिनलची होती, आणि सर्वांत जास्त ढगाखाली उतरवणाऱ्या साधनांच्या अभावाची होती. या शहरात विमानतळाबद्दलची चर्चा वर्षानुवर्षे ‘धावपट्टी लहान आहे, लांबवता येत नाही, म्हणून नवा विमानतळ हवा’ या एका वाक्यावर अडली होती. २०२४ ने दाखवले की त्या वाक्यातल्या पहिल्या दोन भागांवरून तिसरा भाग आपोआप निघत नाही.

दुसऱ्या बाजूने, काशियास निरुपयोगी ठरले असे म्हणणे अन्यायाचे होईल. धुके नसलेल्या दिवशी त्याने राज्याला जगाशी जोडून ठेवले, आणि ते अशा आठवड्यांत जेव्हा दुसरे काहीच जवळ नव्हते.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट संकटाच्या आधीची. शहराच्या ग्रामीण भागात विला ओलिवा येथे नवा विमानतळ बांधण्याचा प्रस्ताव अनेक वर्षांपासूनचा आहे. जागा ठरली आहे, पाठपुरावा सुरू आहे, म्हणून जुन्या विमानतळावर मोठा खर्च कशाला, असा विचार अशा वेळी बळावतो, आणि तो वरवर काटकसरीचा वाटतो. पण नवा विमानतळ भूसंपादन, पर्यावरण परवाने, निधी आणि निवडणुका या सगळ्यांतून येतो. मधल्या प्रत्येक हिवाळ्यात जुनाच विमानतळ काम करत असतो. जुन्या धावपट्टीवर अचूक अवतरणाची सोय करण्याचा खर्च नव्या विमानतळाच्या खर्चापुढे नगण्य आहे. तो ‘वाया’ जाण्याची भीती धरून शहराने धुक्याचे हिवाळे सोसले, आणि त्यांतलाच एक हिवाळा २०२४ चा होता.

येथे तांत्रिक खबरदारीही सांगितली पाहिजे. आयएलएस म्हणजे नुसती अँटेना उभी करणे नव्हे. तिच्या संकेतांसमोर मोकळी जागा लागते, आगमन मार्गावरचे दिवे लागतात, धावपट्टीच्या दोन्ही कडांना अडथळेमुक्त पट्टा लागतो, आणि वस्तीने वेढलेल्या काशियासमध्ये हे सर्व पूर्णपणे मिळेलच असे नाही. उपग्रहाधारित अधिक अचूक पद्धतींना जमिनीवरची यंत्रे कमी लागतात, परंतु त्यांसाठी विमानात योग्य उपकरणे आणि वैमानिकांचे वेगळे प्रशिक्षण व मान्यता लागते. योग्य क्रम असा झाला असता : आधी अडथळ्यांचे मोजमाप, मग उपग्रहाधारित मार्गाची मर्यादा जितकी खाली आणता येईल तितकी आणणे, दिवे सुधारणे, आणि उरलेली तूट पाहून आयएलएसचा निर्णय. यातले पहिले दोन टप्पे संकट नसताना, शांतपणे करण्याचे आहेत. पूर आल्यावर ते घाईने करता येत नाहीत.

दुसरी गोष्ट योजनेच्या रचनेची. आपत्कालीन जाळ्यातल्या विमानतळांनी एकमेकांचे पर्याय म्हणून काम करायला हवे होते. काशियास धुक्यात असेल तेव्हा पासो फुंदो नेहमीच धुक्यात असते असे नाही. समुद्राजवळच्या जाग्वारुनाचे हवामान तर वेगळेच. रोज संध्याकाळी उद्याच्या अंदाजावरून उड्डाणे या ठिकाणांमध्ये हलवणारा एक संयुक्त कक्ष असता, आणि प्रवाशाला ‘उद्या तुम्ही काशियासऐवजी जाग्वारुनाला उतराल, बस तिथे असेल’ असे आदल्या रात्री कळले असते, तर विमान रद्द होण्याऐवजी केवळ ठिकाण बदलले असते. जाळे वेगवेगळ्या मालकांत विभागलेले असल्याने असा कक्ष स्थापन करण्याचा अधिकार फक्त केंद्राकडेच होता.

तिसरी गोष्ट संकट संपल्यानंतरची, आणि माझ्या दृष्टीने ती अजून खुली आहे. साल्गादो फिल्यो आजही त्याच सखल भागात आहे. बांध आणि पंप सुधारले तरी तो नदीकाठीच राहणार. त्यामुळे राज्याला दुसरा भरवशाचा तळ लागेल हे आता सिद्ध झाले आहे. तो तळ विला ओलिवाला व्हायचा असेल तर त्या जागेची निवड जमिनीच्या किमतीवर किंवा धावपट्टीच्या नियोजित लांबीवर न सोडता, तिथे किमान काही पूर्ण वर्षे दृश्यमानता आणि ढगांची उंची स्वयंचलित केंद्राने मोजून, त्या नोंदी जुन्या विमानतळाच्या त्याच तासांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या पाहिजेत. त्या नोंदी महापालिकेने लोकांसमोर ठेवाव्यात. नव्या जागी धुक्याचे तास कमी निघाले तर निधीची मागणी करताना त्याहून भक्कम आधार दुसरा नाही. ते तितकेच निघाले तर पहिल्या दिवसापासून अचूक अवतरणाची साधने आराखड्यात धरावी लागतील आणि जुन्या विमानतळाबद्दलचा निर्णयही त्या प्रकाशात पुन्हा घ्यावा लागेल.